वाढणाऱ्याचे ऋण

सज्जनहो, आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. दिवसभर चालून दिंडी तळावर येते तोवर राहुट्या उभ्या असतात, चुली पेटलेल्या असतात आणि आमटीचा वास दरवळत असतो. समाजआरती होते, पंगत बसते. मोठ्याने पुकारा होतो, "आजची पंगत अमुक गावच्या अमक्यांची." आपण हरिनामाचा गजर करतो आणि पहिला घास घेतो.

अन्नदात्याचे नाव घेतलेच पाहिजे, त्यात गैर काही नाही. पण एक विचारतो. ज्याने मध्यरात्री उठून पीठ मळले, जो आपल्या आधी मालट्रकात बसून तळावर गेला, धुरात डोळे पुसत उभा राहिला, आणि कीर्तनाचे टाळ कानावर पडत असता ज्याला चुलीपासून हलता आले नाही, त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? पंचवीस-पंचवीस वर्षे एकाच दिंडीत जेवलेली माणसे मी पाहिली आहेत. विणेकऱ्याचे नाव सांगतील, चोपदाराचे सांगतील. आचाऱ्याचे विचारले तर म्हणतात, "आपला तो आचारी हो, उंचेला."

म्हणून आजचा प्रश्न असा, की धान्य देणारा आणि रांधून वाढणारा, यांत आपण कोणाचे अधिक ऋणी? आणि वाढणाऱ्याचे ऋण फिटते तरी कशाने?

धर्मराजाच्या राजसूय यज्ञाची कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो. त्या यज्ञात अग्रपूजेचा मान भगवान श्रीकृष्णाला मिळाला, आणि त्याच यज्ञात त्याने उष्ट्या पत्रावळी उचलल्या. कऱ्हाडची सखू पंढरीस गेली तेव्हा पांडुरंग तिच्या जागी सून होऊन राबला. जनाबाईच्या जात्याला त्याने हात लावला. अहो, देव भक्ताच्या घरी प्रवचन सांगायला गेल्याचे फारसे ऐकिवात नाही. गेला तो कामाला गेला. ही कथा ऐकून आपण डोळे पुसतो, आणि मंडपाबाहेर पडताना भांडी घासणाऱ्या बाईला म्हणतो, "जरा बाजूला सरक." कथा कानापर्यंत आली, हातापर्यंत आली नाही. तेव्हा जेमतेम शंभर वर्षांपूर्वीची, आपल्याच मुलखातली गोष्ट पाहू.

कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव ठाऊक नाही असा माणूस सातारा-सांगलीकडे मिळायचा नाही. त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. ते आज सांगली जिल्ह्यात आहे, त्या काळी सातारा जिल्ह्यातच होते. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. अण्णा गावोगाव हिंडत आणि हुशार पण गरीब पोर दिसले की घेऊन येत. पोर आणणे हे एक काम. त्या पोराला दोन वेळा जेवू घालणे हे दुसरे, आणि ते रोजचे. पहिल्या कामाचा इतिहास झाला. दुसरे काम अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या चुलीशी चालले.

लक्ष्मीबाई सुखवस्तू जैन घराण्यातल्या. अंगावर सोने होते. बोर्डिंगमधील मुलांच्या पोटासाठी ते एकेक करून गेले. अण्णा बाहेरगावी असताना एकदा कोठीत धान्य उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले, ही हकीगत रयतेच्या शाळांतून आजही सांगतात. सौभाग्याचे लेणे उतरवताना त्या काळच्या बाईला काय वाटले असेल, हे आपल्या आया-बहिणींना सांगायला नको.

सोने मोठे खरेच. पण मला त्याहून मोठे वाटते ते दुसरेच. सोवळ्या-ओवळ्याच्या वळणात ही बाई वाढली होती. आणि नवऱ्याने घरात आणली कोणती मुले? सर्व जातींची, त्यांत समाजाने अस्पृश्य ठरवलेली मुलेसुद्धा. लहानपणापासून अंगी मुरलेले एका दिवसात सुटत नाही. ते सुटायला लक्ष्मीबाईंनाही मनाशी झगडावे लागले असणार. पण सुटले. त्या त्या मुलांच्या आई झाल्या, आणि रयतमाउली हे नाव त्यांना लागले ते त्यामुळे. सोने विकले तर सराफ भाव सांगतो. पण मनातला विटाळ काढून चुलीत घालायचा, त्याला भाव कोण सांगणार?

वारकऱ्यांनी तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्या पांडुरंगाच्या मंदिराचे दार सर्वांना उघडायला १९४७ साल उजाडले, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले. साताऱ्यातील एक चूल त्याआधी वीस वर्षे सर्वांना खुली झाली होती.

लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या. पुढे १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथे मुले श्रम करून शिकू लागली. १९५९ साली अण्णांना पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. आता तर साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचे विद्यापीठ झाले आहे. यातले काहीच त्यांनी पाहिले नाही. त्यांनी पाहिली ती रिकामी कोठी आणि जेवायला बसलेली पोरे.

आता माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट सांगतो. सांगलीस एका कॉलेजच्या वसतिगृहात मी चार वर्षे जेवलो. तेथे एक मामा होते. पस्तीस वर्षे ते त्या भटारखान्यात होते. स्नेहसंमेलन असो, बक्षीस समारंभ असो, पदवीदान असो की पाहुण्यांची बैठक. मंडपातल्या सतरंज्यांपासून शेवटचे पातेले घासेपर्यंत सारे मामांच्या नजरेखाली. मोठमोठे विद्वान येऊन बोलून गेले, पण मामांनी एक भाषण पुरे ऐकले नाही. एकदा मी विचारले, "मामा, आज पाहुणे काय बोलले?" म्हणाले, "कोण जाणे बाबा. च्या गार झाला न्हाई, एवढं बघितलं."

एका महिन्यात माझे घरून पैसे आले नाहीत. लाज वाटून मी पंगतीला जायचे टाळले. दुसऱ्या दिवशी रात्री खोलीच्या दारात मामा उभे, हातात झाकलेले ताट. मी काही बोलणार तोच म्हणाले, "पैशाचं हिशेबनीस बघंल. भाकरी गार हुतीया, जेव आधी." दीडशे पोरांत कोणते पोर दोन वेळा ताटावर आले नाही, हे त्या माणसाने हेरले होते. मी ज्यांच्यापाशी शिकत होतो, त्यांच्यापैकी कोणाच्या ते ध्यानात आले नाही.

मामांच्या निवृत्तीला आम्ही जुनी मुले आवर्जून गेलो. शाल दिली, नारळ दिला, भाषणे झाली. मीही बोललो, आणि चांगले बोललो असे लोक म्हणाले. मग पंगत बसली. मामांचे पान मधोमध मांडले होते, भोवती रांगोळी होती. पहिला भात झाला आणि टोकाच्या रांगेला आमटी मिळेना. कोणीतरी हाक मारली. मामा उठले, शाल घडी करून पाटावर ठेवली आणि बादली घेऊन निघाले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, मामा शेवटपर्यंत मामाच!" त्यांच्या हातातली बादली घ्यायला कोणी उठले नाही. त्यांचे पान तसेच राहिले, भात वाळला. मी ते पाहिले, आणि मी जेवत राहिलो.

त्या दिवसाच्या माझ्या भाषणातला एक शब्द आता आठवत नाही. ते वाळलेले पान मात्र आठवते.

येथे कोणी शंका घेईल, की मामा पगार घेत होते, मग ऋण कसले? त्याचे समाधान असे. पगार होता तो भाकरी थापण्याचा. कोण उपाशी राहिले हे पाहण्याचा रकाना कोणत्या हजेरीपटात असतो? जे पगारात मोडते ते पगाराने फिटते. जे मोडत नाही ते अंगावर राहते. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. 'ही तर सेवा आहे' असे गोड नाव देऊन राबणाऱ्याचा पगार कमी करणे किंवा थकवणे, हा सरळ अधर्म आहे. शालीखाली थकलेला पगार झाकत नाही. आधी मजुरी चोख, मग कृतज्ञता.

दुसरी शंका भाविकांची. आचाऱ्याचे कीर्तन बुडाले, दर्शनही शेवटी-शेवटी घडले. पण काम हीच त्याची भक्ती, नाही का? या वाक्याची मला भीती वाटते. वाक्य खोटे नाही, पण ते कोणी बोलायचे हे पाहिले पाहिजे. चुलीपाशी उभा असलेला माणूस आपण होऊन म्हणाला, "माझा विठोबा या कढईतच आहे," तर त्याला लोटांगण घालावे. पण पोटभर जेवून, हात धुऊन, कीर्तनाला पुढची जागा धरून आपण ते म्हटले, तर ती आपली सोय झाली. वाढणाऱ्याच्या तोंडी शोभणारे वाक्य जेवणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

तर मग ऋण फिटते कशाने? टाळ्यांनी फिटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. सत्काराने थोडे हलके होते इतकेच. वाढणाऱ्याचे ऋण फेडायचे तर त्याच्या हातातली बादली घेऊन त्याला बसवावे लागते. आणि बसवताना आपल्या मनात 'हा वाढणारा, आपण जेवणारे' अशी जी उतरंड रचलेली असते, ती आधी मोडावी लागते. लक्ष्मीबाईंनी मोडली ती हीच उतरंड, दुसऱ्या बाजूने. धान्य देणाऱ्याने दिले ते घरातले. त्यांनी दिले ते मनातले. म्हणून पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर हे, की दात्याचे ऋण आहेच, पण वाढणाऱ्याचे त्याहून अवघड. दात्याला परत दान देता येते. वाढणाऱ्याला परत वाढावेच लागते.

मामा आता नाहीत. त्यांना वाढायचे माझ्याकडून राहून गेले. गेल्या वारीत बरडच्या तळावर मी ओगराळे हातात घेतले. चटका बसला, आमटी सांडली, आमचा आचारी हसला. त्याला नाव विचारले. वीस वर्षे त्याच्या हातचे खात होतो, आणि नाव त्या दिवशी कळले. म्हटले, "आता तुम्ही बसा." तो बसेना. म्हणाला, "महाराज, सवय न्हाई." हाताला धरून बसवला, तेव्हा चार घास खाल्ले, तेही दारातल्या पातेल्यावर नजर ठेवून.

सज्जनहो, येत्या वारीत आपापल्या दिंडीत एवढे तरी करू. पंगतीच्या पुकाऱ्यात दात्याच्या नावाबरोबर रांधणाऱ्यांचीही नावे घेऊ. पाळी लावून बादली उचलू, म्हणजे त्यांनाही एखादे कीर्तन बसून ऐकता येईल. आणि काल्याच्या दिवशी पहिली पंगत त्यांची बसवू; विणेकऱ्याने आणि महाराजांनी वाढावे. सवय नाही म्हणून ते उठू लागतील. त्यांना उठू देऊ नये.

रामकृष्ण हरि.