साडेअकरा पौंडांचा विद्यार्थी

परदेशी विद्यापीठाच्या दारात प्रथमच उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याच्या मनात औत्सुक्य आणि धास्ती एकाच वेळी कशी संचारते, याचा विचार करताना मला १९१३ सालच्या जुलैत न्यूयॉर्कला उतरलेले २२ वर्षांचे भीमराव आंबेडकर आठवतात. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करारनामा लिहून दिलेला!

विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी स्नेह्यासमवेत राहणाऱ्या या तरुणाला, मायदेशी ज्याला शाळेतल्या पाण्याच्या भांड्यालाही स्पर्श करण्याची मुभा नव्हती, तेथे सहाध्याय्यांच्या पंक्तीला बसता येत होते. माझ्या मते, पदवीपेक्षा हा लाभ काही कमी मोलाचा नव्हता. १९१५ साली ते एम. ए. झाले, मग लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली ते परतले, तेव्हा निराळ्या जहाजाने धाडलेला त्यांचा ग्रंथसंग्रह महायुद्धातील पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रतळी गेला.