वर्ज्य आणि निंद्य

मनुष्याच्या नीतिकल्पना किती खोल गेलेल्या आहेत हें पाहावयाचें असेल, तर त्याच्या ग्रंथसंग्रहापेक्षां त्याचें ताट पाहावें. तत्त्वज्ञानांतील मतभेद आपण शांतपणें ऐकून घेतों. पण दुसऱ्याच्या पानांत आपल्यास वर्ज्य असा पदार्थ आहे असें कळतांच चर्चा संपते आणि किळस सुरू होते. ही किळस म्हणजे नैतिक निर्णय होय काय? या प्रश्नाच्या विचारासाठीं आम्ही मुद्दामच असें उदाहरण घेत आहों, कीं जें आमच्या पुष्कळशा वाचकांस सहज रुचणारें नाहीं. तें म्हणजे पूर्व आफ्रिकेंतील उगाली आणि तिजबरोबरचा गोमांसाचा रस्सा.

ज्याची कृति ठाऊक नाहीं त्याविषयीं मत देणें हा अविचार होय. म्हणून प्रथम कृति पाहूं. केनिया व टांझानिया या देशांत ‘सुफुरिया’ नांवाच्या सपाट बुडाच्या पातेल्यांत पाण्यास आधण आणतात. त्यांत पांढऱ्या मक्याचें पीठ थोडथोडें वैरून ‘म्विको’ नांवाच्या चपट्या लांकडी कालथ्यानें तें घोटीत जातात. गुठळी राहूं नये म्हणून पीठ कडेशीं दाबून पुनः पुनः परतावें लागतें आणि त्यांत मनगट भरून येतें. गोळा पातेल्याची कड सोडूं लागला व खरपूस वास सुटला म्हणजे उगाली झाली. आमच्या घरांतील घट्ट उकड किंवा कर्नाटकांतील नाचणीचा मुद्दा हीं तिचींच भावंडें समजावीं. रश्शाचें मांस रानांत चरणाऱ्या जनावराचें, म्हणून चिवट; तें आधीं नुसत्या पाण्यांत मंद आंचेवर बराच वेळ शिजवितात. मग तेलांत कांदा, आलें, लसूण परतून, टोमॅटो विरघळेपर्यंत शिजवून, मांस व त्याचें पाणी त्यांत ओततात आणि वर कोथिंबीर घालतात. या कोथिंबिरीस केनियांत ‘धनिया’ असेंच म्हणतात. हा शब्द समुद्र ओलांडून येथूनच तिकडे गेला. जेवतांना हात धुऊन, उजव्या हातानें उगालीचा लचका मोडावयाचा, मुठींत वळावयाचा, आंगठ्यानें त्यास खळगी पाडावयाची व तींत रस्सा उचलावयाचा. गरिबांच्या घरीं मांस रोज नसतें. एरवीं ‘सुकुमा विकी’ नांवाची पालेभाजी असते. या नांवाचा अर्थच ‘आठवडा पुढें ढकला’ असा आहे.

कोणी म्हणेल, भरड पिठाच्या गोळ्याचें एवढें काय कौतुक? त्यानें आपल्या भाकरीकडे पाहावें. ज्वारी प्रथम लागवडीस आली ती आजच्या सुदानच्या पूर्वभागांत. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखांत. बाजरी त्याच खंडाच्या पश्चिमेस, सहाराच्या कडेला. तीनहि धान्यें सहस्रावधि वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांत आलीं. म्हणजे देशावरची ज्वारीची भाकर व कोंकणांतील नाचणीची भाकर या दोहोंचें मूळ आफ्रिकी शेतकऱ्याच्या कष्टांत आहे. उलट त्या शेतकऱ्याच्या ताटांतला मका अमेरिकेंतला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो तिकडील किनाऱ्यास लागला. १५९३ मध्यें मोंबासा येथें फोर्ट जीझस हा किल्ला त्यांनीं बांधावयास घेतला, तेव्हां तेथील अधिकारी गोव्याच्या विजरईच्या हुकुमांत असत. आमची मिरचीहि त्याच लोकांच्या हातून आली. अंतर्भागांत मका सर्वांचें मुख्य अन्न झाला तो मात्र विसाव्या शतकांत. कणसावर सालपटांचें आवरण असल्यामुळें पांखरांची राखण कमी पडे, आणि गोऱ्यांच्या मळ्यांवर मजुरांस शिधा म्हणून हेंच पीठ मिळे. सारांश, वंशशुद्धीचा दाखला कोणाच्याच ताटास नाहीं.

परंतु वाचकांचा खरा आक्षेप धान्यावर नाहीं, रश्शावर आहे. आणि तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ‘वर्ज्य’ आणि ‘निंद्य’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों, येथें घोटाळा आहे. वर्ज्य हा शब्द माझ्याशीं बोलतो; निंद्य हा दुसऱ्याविषयीं बोलतो. एकादशी करणारा शेजाऱ्याच्या घरचा भात पाहून संतापत नाहीं. यावर कोणी म्हणेल, उपवास हें व्रत आहे, पण जीवहत्या हा अधर्म. तो कोठेंहि घडला तरी अधर्मच. हें म्हणणें आम्ही हलकें मानीत नाहीं. पण तें मानणाऱ्यानें तें शेवटपर्यंत मानिलें पाहिजे. त्यानें बोकडाच्या मानेचा, आणि आपल्या दुधासाठीं बाजूस पडलेल्या गोऱ्ह्याचाहि हिशेब मांडावा. मग कारणें सांगावीं, वाद करावा. किळस हें कारण नव्हे. ती कृत्यास सोडून माणसास चिकटते, आणि शेवटीं आपला कोणताच विचार न तपासतां स्वतःस श्रेष्ठ ठरवून घेते.

याच प्रकरणांत एक गोष्ट अशी आहे, कीं जिनें गोभक्तानें अंतर्मुख व्हावें. १८९० नंतरच्या दशकांत बुळकांडीच्या सांथीनें पूर्व आफ्रिकेंतील बहुतेक गुरें नेलीं आणि गुरांवर जगणारे मसाई उपासमारीनें मेले. पुढें १९६० च्या सुमारास केनियांतील मुगुगा येथील प्रयोगशाळेंत वॉल्टर प्लाउराइट या इंग्रज पशुवैद्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या रोगावर टिकाऊ व स्वस्त लस सिद्ध केली. भारतांतील मोहिमेंतहि तीच लस वापरली गेली. येथें ही सांथ शेवटची दिसली ती १९९५ मध्यें, आणि २०११ मध्यें बुळकांडी पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. जेथें गोमांसाचा रस्सा शिजतो त्या भूमींत झालेल्या कामानें आमच्या असंख्य गाईबैलांचे प्राण राखले. तेव्हां गाईचें हित कोण करतो, हें ताट पाहून ठरवितां येत नाहीं.

वाचकांनीं आपला नियम सोडावा असें आमचें बिलकुल म्हणणें नाहीं. नियम हा चारित्र्याचा कणा आहे, आणि जो स्वतःचा नियम पाळतो त्यास दुसऱ्याचा नियम समजणें अधिक सोपें जावें. नैरोबींत अगर मोंबासांत कोणी प्रेमानें पाटावर बसविलें, तर रश्शाची वाटी नम्रपणें परत करून उगालीचा गोळा सुकुमा विकीबरोबर खातां येतो. घोटतांना ज्या हातांनीं मनगट दुखविलें त्या हातांचें अन्न तेवढ्यानें नाकारलें जात नाहीं, आणि आपलें व्रतहि मोडत नाहीं. मात्र वाटी परत करतांना तोंड वांकडें केलें, तर व्रत पाळल्याचें पुण्य किती उरलें याचा विचार ज्याचा त्यानें करावा.