नटाचं तप आणि त्याचं फळ

दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि धान निघालेल्या बांधीत नाटकाचे मंडप उभे राहतात. होळीपर्यंत इथल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम असतो. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. जानेवारीच्या थंडीत, पहाटे तीनलाही नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागतो. या नटांपैकी बहुतेकांनी नाट्यविद्यालयाची पायरी चढलेली नाही, तरी त्यांना काम आहे, मानही आहे. याच रंगभूमीवर घडलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षं घासूनपुसून निघण्याचं फळ काय? रोजगार हेच फळ धरलं, तर झाडीपट्टीची साक्ष विद्यालयाच्या विरोधात जाते, आणि ती मान्य केली पाहिजे.

फळाची दुसरी मोजणी भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या दोन सिद्धी सांगितल्या आहेत. हशा, आसवं, वाहवा, रोमांच ही मानुषी सिद्धी. प्रेक्षागृह गच्च भरलेलं असून कुठे शब्द नाही, चुळबुळ नाही, ही दैवी. पहिली शिकवायला समोरची गर्दी समर्थ आहे. कुठल्या वाक्यावर शिट्टी येते हे नट आठ प्रयोगांत ओळखतो. पण टाळी तीच गोष्ट पुन्हा करायला लावते. रोज नवं गाव आणि तालमीला वेळ अपुरा असताना, फसण्याची शक्यता असलेलं काही करून पाहण्याची मुभा कोण देणार? ती मुभा आणि तिच्यातून येणारा विवेक, हे शिक्षणाचं खरं फळ. झाडीपट्टीतही प्रेक्षकांना निःशब्द करणारे नट आहेत, असं कोणी म्हणेल. आहेतच, पण एखाद्या जाणत्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं काढणं हेही शिक्षणच आहे, फक्त त्याला इमारत नाही.

विवेकाने पोट भरत नाही, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्यावर गीतेतला फलत्याग पुढे करणं मला अन्यायाचं वाटतं. फळाची आसक्ती सोडण्याचा उपदेश कर्म करणाऱ्याला आहे. त्याच्याकडून फी घेणाऱ्याला त्यातून सूट मिळत नाही. शिक्षण जितकं कठोर तितकं फळ मोठं, हा समजही गीतेला मान्य नाही. स्वतःला पीडा देऊन मूढ हट्टाने केलेल्या तपाला सतराव्या अध्यायात तामस म्हटलं आहे. म्हणून जिल्ह्यातल्या देवरी-सालेकशाच्या मुलाला कर्ज काढून महागड्या अभिनय-वर्गात घालू नये. शिष्यवृत्ती मिळत असेल तर मात्र अवश्य पाठवावं. आणि होळीपासून रोवणीपर्यंत झाडीपट्टीच्या कलावंतांना जे महिने मोकळे मिळतात, तेवढ्यात शासनाने गोंदियातच मानधनासह निवासी नाट्यशिक्षण सुरू करावं.