विज्ञान कोणीं कोणास सांगावें?

विज्ञान लोकांस समजावून सांगणारे लेखक एकत्र जमले म्हणजे त्यांनीं कसें बसावें, हा प्रश्न वरवर पाहतां सभाशास्त्राचा वाटतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे. व्यासपीठावर चौघे, सतरंजीवर दोनशें, अध्यक्षांचें भाषण आणि आभार, हा आपल्या संमेलनांचा परिपाठ वाचकांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना राज्यांत 2007 पासून कांहीं वर्षें भरलेल्या विज्ञानलेखकांच्या मेळाव्यांनीं तो मोडला. तेथें विषय मांडणारा थोडकें बोले व उरलेला वेळ सर्वांचा असे.

ही रीत आम्हांस मान्य आहे. ज्ञान हें कोणाचें वतन नव्हे. डॉ. जयंत नारळीकरांनीं 1974 सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस आपली गोष्ट पाठविली ती टोपणनांवानें, आणि हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेऊन. नांवाचें वजन तराजूंत पडूं नये, हाच त्यांतला हेतु. तथापि एक शंका उरतेच. जेथें सगळेच लेखक, तेथें सगळेच वाढपी. मग पंगतींत जेवणारा कोण?

हें आम्ही अकोटास बसून लिहीत आहों, म्हणून येथलेंच उदाहरण घेतों. जून 2019 मध्यें या तालुक्यांतील अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेच्या हांकेवरून शेंकडों शेतकरी जमले आणि त्यांनीं परवानगी नसलेलें कपाशीचें बियाणें उघडपणें पेरलें. तणनाशक फवारलें तरी ही पऱ्हाटी जळत नाहीं व निंदणाची मजुरी वांचते, हा त्या बियाण्याचा गुण. 1986 च्या पर्यावरण कायद्याप्रमाणें त्या वेळीं या कृत्यास पांच वर्षांपर्यंत कैद व लाख रुपयांपर्यंत दंड सांगितलेला होता. ही लेखकांची सभा नव्हती. पण तिचा विषय विज्ञानाचाच होता, आणि निव्वळ श्रोता असा तींत कोणी नव्हता.

त्या शेतकऱ्यांस अडाणी म्हणणें सोपें आहे. त्यांस विज्ञानाचे शिलेदार म्हणणेंहि तितकेंच सोपें. 2002 सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली, तेव्हां बोंडअळीचा प्रश्न मिटला असें उत्साहानें लिहिणारे होते, आणि हें बी म्हणजे सर्वनाश असें त्याच जोमानें लिहिणारेहि होते. प्रारंभीं अळी खरोखरच हटली. पुढें गुलाबी बोंडअळी त्या विषास दाद देईनाशी झाली, आणि 2017 च्या हंगामांत विदर्भांत तिनें बोंडें पोखरून टाकलीं. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. लेखकाचें अनुमान चुकलें तर तो दुसरा लेख लिहितो. शेतकऱ्याचें चुकलें तर हंगाम जातो, आणि सावकार कांहीं लेख वाचून व्याज सोडीत नाहीं.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यास सभेंत बसविल्यानें सत्य कसें ठरणार? अळी कांहीं बहुमत पाहून बोंडांत शिरत नाहीं. आक्षेप बरोबर आहे. सत्य प्रयोगानेंच ठरावें, आणि अकोली जहांगीरच्या पेरणीनेंहि त्या बियाण्याची निर्धोकता सिद्ध झाली नाहीं. परंतु प्रयोगांतून काय कळलें, कोठवर कळलें, आणि न कळलेल्या भागाची जोखीम कोणाच्या शिरीं आहे, हें सांगणें लेखकाचें काम. आणि तें काम ज्याच्या शिरीं जोखीम आहे त्याच्या तोंडावर करावें लागलें म्हणजे लेखणी आपोआप जपून चालते. आपल्याच मंडळींत टाळ्या मिळविण्यास तेवढी जपणूक लागत नाहीं.

आम्हीं हें दुसऱ्यास सांगतों खरें. बियाण्यांतील जनुकांवर आम्हीं एकदां एक लेख लिहिला होता. शैलीबद्दल स्नेह्यांनीं वाखाणणीहि केली. आठ दिवसांनीं एक वृद्ध शेतकरी लेखाचें पान घेऊन घरीं आले. “सर, समदं वाचलं. आता औंदा हे बी पेरू का नको, तेवढं सांगा.” आम्हीं त्यांस चहा दिला, आणि हा प्रश्न कृषिविद्यापीठाचा आहे असें सांगितलें. ते रागावले नाहींत. पानाची नीट घडी घालून त्यांनीं तें खिशांत ठेवलें, आणि पाऊस केव्हां येईल याविषयीं थोडें बोलून ते उठले.