बाळंतिणीचं ताट

बाळानं दुधाची गुळणी टाकली की घरातला पहिला प्रश्न बाळंतिणीला असतो. आमच्या आमोण्यात तो कोकणीतून येतो, "काल कितें खाल्लें गो तुवें?" बेळगाव-कोल्हापूरकडे मराठीतून येतो, "काल काय खाल्लंस गं?" भाषा बदलली तरी रोख तोच राहतो.

आमोण्यात आपली जैन घरं मोजकी. शेजारच्या कुडण्यात जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत, म्हणजे धर्म या मातीला नवा नाही. पण आज बाळंतिणीला बघायला येणाऱ्या बायका सगळ्या घरांतल्या असतात. एकीकडे रोज मासळी शिजते, दुसरीकडे कांदासुद्धा चिरला जात नाही. तरी बाळंतिणीच्या ताटाबद्दल सगळ्यांचं एकमत असतं. बाळाच्या पोटात जे बिघडलं ते आईच्या पोटातून आलं, आणि म्हणून आईच्या ताटातून काहीतरी काढलं पाहिजे.

मग काढणं सुरू होतं. आधी हरभऱ्याची डाळ जाते, ती वातूळ. मग तूर. मग अळसांद्याचं तोणाक. वांगं, कोबी, केळं, ताक, आंबट म्हणून सोलकढी. माझ्या ओळखीतल्या एका सुनेच्या ताटात तिसऱ्या महिन्यात मऊ भात, तूप, मुगाचं पाणी आणि दूध एवढंच उरलं होतं. बाळ छान गुटगुटीत, हसरं, आणि दूध ओकणं आधी होतं तसंच चालू. मी भेटायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, मला भूक लागते हे सांगायचीसुद्धा लाज वाटते."

त्या घरात कुणी दुष्ट नव्हतं. सासूबाई पहाटे उठून तिच्यासाठी आळीवाचे लाडू वळायच्या. म्हणूनच हा प्रश्न विचार करण्याजोगा वाटतो. बाळाच्या सुखासाठी आईचं अन्न काढून घेणं याला त्याग म्हणायचं, की आणखी काही?

आधी एक गोष्ट मान्य करू. आई जे खाते त्याचा दुधाशी संबंध असतो ही समजूत काही खुळी नाही. चरकसंहितेत बिघडलेल्या स्तन्याचे आठ दोष सांगितले आहेत, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचं औषध आईला किंवा दाईला द्यावं अशी आयुर्वेदाची रीत आहे. आजच्या अभ्यासातही हे दिसतं. १९९१ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत जुली मेनेला आणि गॅरी बोशां यांनी अंगावर पाजणाऱ्या आयांना लसणीच्या गोळ्या दिल्या. काही तासांत दुधाला लसणीचा वास आला. बाळांनी तोंड फिरवलं नाही, उलट ती जास्त वेळ छातीशी राहिली. लसूण घरात न आणणाऱ्या आपल्याला हसू येईल, पण मुद्दा खरा आहे. आईच्या ताटातलं काही ना काही दुधापर्यंत पोचतं.

प्रश्न आहे तो काय पोचतं आणि काय पोचत नाही, याचा. दूध तयार होतं ते रक्तातून. वास, चव देणारे अंश, चहा-कॉफीतलं कॅफिन, काही औषधं रक्तातून दुधात उतरतात. डाळीनं आईच्या पोटात धरलेला वारा मात्र तिच्या आतड्यातच राहतो, तो दुधात उतरत नाही. आंबट खाल्ल्यानं दूध आंबट होत नाही, तिखटानं तिखट होत नाही.

मग बाळ ओकतं का? अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे एक स्नायूचं कडं असतं. मोठ्या माणसात ते घट्ट मिटतं, तान्ह्यात अजून सैल असतं. त्यात बाळाचं सगळं अन्न पातळ, आणि दिवसाचा बहुतेक वेळ ते आडवं. पाच किलोच्या बाळाच्या पोटात दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध जातं. त्याच हिशेबानं साठ किलोच्या बाईला रोज नऊ लिटर दूध प्यावं लागेल, तेही झोपून! मग थोडं बाहेर आलं तर नवल काय? ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे की शंभरातल्या निदान चाळीस बाळांना असं होतं. बहुतेकदा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू होतं आणि दहातल्या नऊ बाळांचं वर्षाच्या आत आपोआप थांबतं.

आपोआप थांबतं, आणि सगळा घोळ इथेच होतो. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर बाळ सावरू लागतं, बसू लागतं, दूध ओकणं कमी होतं. त्या आठवड्यात ताटातून जे काढलेलं असेल त्याच्या नावावर हा गुण जमा होतो. एका घरात वांगं गुन्हेगार ठरतं, दुसऱ्यात केळं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आपल्या जैन न्यायशास्त्रानं खऱ्या हेतूची एक कसोटी सांगितली आहे, अन्यथानुपपत्ति. जे सिद्ध करायचं आहे त्याच्याशिवाय जो असूच शकत नाही, तोच खरा हेतू. वांगं न काढताही बाळ सुधारलं असतं का, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. शेजारच्या घरातलं बाळ, ज्याची आई सगळं खात होती, तेही त्याच वयात सुधारलं, इकडे लक्ष जात नाही.

आता गंमत बघा. ज्या एका पदार्थावर डॉक्टर खरोखर संशय घेतात तो आपल्या मनात कधी येत नाही. तो म्हणजे दूध. गाईच्या दुधातली प्रथिनं थोड्या प्रमाणात आईच्या दुधात उतरतात, आणि मोजक्या बाळांना ती सोसत नाहीत. अशा बाळाचं नुसतं दूध ओकणं नसतं. शीत रक्ताचा धागा किंवा शेंबडासारखी चिकट शी, अंगावर खरजेसारखे चट्टे, पाजताना कळवळणं, वजन न वाढणं, अशा खुणा सोबत असतात. आपण मात्र डाळ काढून घेतो आणि वर आणखी एक पेला दूध देतो, दूध सात्त्विक म्हणून. कुणी तर सुचवतं की आईचं दूध सोसत नाही, डब्याचं द्या. बाजारातल्या बहुतेक डब्यांतलं दूध गाईच्याच दुधापासून केलेलं असतं. जे थेंबभर सोसत नव्हतं ते बाटलीभर द्यायचं, हा कसला उपाय?

इथे मला आपल्या धर्मातला एक शब्द आठवतो, जो आपण पाठ करतो पण घरात लावून बघत नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि आपल्यावर अवलंबून असलेल्याचं अन्नपाणी अडवणं. प्रवचनात याची उदाहरणं गाई-बैलांची असतात. बैलाला वेळेवर वैरण द्यावी हे आपल्याला पटतं. पण दीड महिन्याची बाळंतीण घरात कुणावर अवलंबून असते? तिच्या हातात बाळ असतं, झोप अर्धवट असते, स्वयंपाकघर दुसऱ्याच्या हातात असतं. तिच्यापुढे जे येईल ते ती खाते. तिचं अन्न अडवणं हा अन्नपाननिरोध नाही, असं म्हणायला मला आधार सापडत नाही. आणि बाळाच्या प्रत्येक गुळणीचा दोष तिच्या जिभेवर टाकणं हे अतिभारारोपणच.

कुणी म्हणेल, सासूच्या मायेला हिंसेचा शब्द लावता? मन दुष्ट नसतं हे मी आधीच म्हटलं. पण आपल्याकडे हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे, म्हणजे बेसावधपणा. कीटक दिसत नाही म्हणून आपण पाणी गाळून घेतो. न बघता कृती करायची नाही, हीच तर आपली शिकवण. मग न तपासता एखाद्याचं जेवण कमी करणं या शिकवणीत कसं बसेल?

आणखी एक म्हणणं असतं, आणि ते जास्त अवघड आहे. आईच स्वतःहून सोडते. तिला कुणी जबरदस्ती करत नाही. आईनं चार पदार्थ सोडले तर बिघडलं कुठे, आपण तर सवयीनं कितीतरी सोडतो. खरं आहे, सोडणं आपल्या रक्तात आहे. पण सोळा भावनांमध्ये जो त्याग सांगितला आहे तो शक्तितस्त्याग, आणि जे तप सांगितलं आहे तेही शक्तितस्तप. शक्ती बघून. दशलक्षणात ओली बाळंतीण उपास धरू लागली तर घरातली जाणती बाईच तिला थांबवते, कारण तिची शक्ती आत्ता दुसऱ्या जीवाला चालली आहे हे सगळ्यांना कळतं. उपासाला जो न्याय, तोच डाळ सोडण्याला का नसावा?

आणि बिघडतं कुठे, तेही ऐका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबानं पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा ६०० कॅलरी जास्त लागतात. आपलं ताट आधीच निवडक. कंदमुळं नाहीत, मासे-अंडी नाहीत, सूर्यास्तानंतर जेवण नाही. आपली प्रथिनं डाळी-कडधान्यांतून आणि दुधातून येतात. डाळ काढली की अर्धा आधार गेला. दूधही काढलं तर बी-१२ जवळजवळ संपलंच, कारण शाकाहारात ते दूध-दह्यातूनच मिळतं. आईच्या अंगात बी-१२ फार कमी असेल तर नुसतं अंगावर पिणारं बाळ फिकं पडतं, मलूल होतं, हातपाय थरथरू लागतात, शिकलेलं विसरतं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांना हा आजार चांगला माहीत आहे. म्हणजे बाळासाठी म्हणून केलेला त्याग फिरून बाळावरच येतो. शिवाय जी बाई प्रत्येक घासाला घाबरते ती पाजतानाही घाबरलेलीच असते, आणि एके दिवशी पाजणंच सोडून देते.

मग करायचं काय? बाळ ओकतं पण वजन वाढतंय, लघवी नीट होते, मधल्या वेळात खेळतं, तर आईनं पोटभर, सगळं जेवावं. पाजल्यावर बाळाला थोडा वेळ खांद्यावर उभं धरावं, ढेकर काढावी, एका वेळी फार न पाजता थोडं थोडं पाजावं, झोपवताना पाठीवरच झोपवावं. उलटी हिरवी झाली, त्यात रक्त दिसलं, दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात प्रत्येक पाजण्यानंतर कारंज्यासारखी उडू लागली, वजन थांबलं, ताप आला, बाळ मलूल झालं, तर ताटाची चर्चा सोडून लगेच डॉक्टर गाठावा.

आणि दुधाचा संशय खरोखर असेल, तर तेही डॉक्टरांना विचारून, मुदत घालून करावं. दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा, दुधाची पावडर घातलेली बिस्किटं बंद. तुपाचंही विचारून घ्यावं. तेवढ्या काळात डाळी दुप्पट, तीळ आणि नाचणी रोज, बी-१२ आणि कॅल्शियम डॉक्टर सांगतील तसं. मुदत संपली की दूध पुन्हा सुरू करून बघायचं. त्रास परत आला तर कारण सापडलं. नाही आला तर दूध निर्दोष होतं.

आपल्या घरात चुकते ती ही शेवटची पायरी. काढण्याची घाई सगळ्यांना असते. परत वाढण्याची आठवण कुणाला राहत नाही, आणि बाळंतीण स्वतः मागत नाही, कारण मागणारी आई स्वार्थी ठरते. म्हणून ते काम घरातल्या मोठ्या बाईनं आपल्याकडे घ्यावं. काय काढलं, कोणत्या तारखेला काढलं, हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं, आणि मुदत भरली की न मागता, आपल्या हातानं तिच्या पानात वाढावं.