कार्पेट एरियाच्या बाहेर

वरळीच्या बीडीडी चाळींत १९२०च्या दशकापासून एका कुटुंबाच्या वाट्याला जेमतेम १६० चौरस फुटांची खोली होती आणि संडास सामाईक. २०२५ साली तिथल्या पहिल्या काहीशे कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या आनंदावर चाळीच्या आठवणींचं विरजण घालायचा अधिकार कुणालाच नाही. पिढ्यान् पिढ्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांच्या आनंदावर तर नाहीच नाही.

माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे. पुनर्विकासात माणसाचा हक्क मोजतात तो दाराच्या आतल्या जागेवरून. गिरगावातल्या, लालबागच्या जुन्या इमारतींत निम्मं आयुष्य मात्र दाराबाहेर चाललेलं असायचं. रस्त्यावरची गॅलरी, जिन्याच्या पायऱ्या, दुकानाच्या फळीपाशी टेकायची जागा यांची भाडेपावती कुणाच्याच नावे नव्हती, म्हणून त्यांच्या बदल्यातही काही मिळत नाही. तळमजल्याच्या दुकानदाराला नवा गाळा मिळतो. जिन्याखाली बसणारा चांभार आणि कोपऱ्यावर टेबल मांडणारा इस्त्रीवाला यांच्याकडे कागदच नसतो. इमारत रिकामी होते त्या दिवशी ते निघून जातात आणि कुणाच्याही यादीत त्यांचं नाव नसतं.

त्यांच्या जागी येतो पोडियम. नियमाने जितक्या गाड्यांची सोय करावी लागते तेवढी जागा एफएसआयमध्ये, म्हणजे बांधकामाच्या परवानगीच्या मर्यादेत, धरत नाहीत. शिवाय तळघर खोदण्यापेक्षा वर मजले चढवणं स्वस्त पडतं. त्यामुळे अनेक टॉवरांत पहिले पाच-सहा मजले गाड्यांचे, त्यावर बाग, आणि बागेच्याही वर माणसं. अग्निशमन दलाची गाडी फिरली पाहिजे म्हणून इमारत मागे सरकते. हे आवश्यकच आहे. पण त्या मोकळ्या जागेच्या कडेने उंच कुंपण घालायची सक्ती कुठल्या बंबाने केली?

डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी आयुष्यभर शहरांतली माणसं कुठे थांबतात, कुठे रेंगाळतात हे पाहिलं. त्यांच्या मते साधारण पाचव्या मजल्यापलीकडे घराचा रस्त्याशी संबंध तुटतो. म्हणजे पोडियमवरच्या टॉवरात पहिलं राहतं घरच या मर्यादेच्या पलीकडे सुरू होतं. खाली पोर पडलं तर हाक ऐकू येणार नाही, भाजीवाल्याची आरोळी वर पोचणार नाही. उंचीला दोष देऊन मात्र भागत नाही. खालचे दोन मजले जर दुकानांचे, दवाखान्याचे, वाचनालयाचे असले, तर वर चाळीस मजले असूनही फुटपाथ जागा राहतो. गेल यांनीच सांगितलंय की शंभर मीटरांत पंधरा-वीस दारं असली की माणूस रमतगमत चालतो. आपण शंभर मीटरांत एक गेट ठेवतो, एक बूम बॅरियर आणि एक सुरक्षारक्षक.

भिंत सुरक्षिततेसाठी असते, असं सोसायट्या म्हणतात. आतल्यांसाठी असेलही. रात्री साडेदहाला स्टेशनवरून एकटी घरी येणारी मुलगी त्या भिंतीच्या बाहेरून चालते. पूर्वी त्याच वाटेवर पानवाला, औषधाचं दुकान आणि गॅलरीत वारा घेणारे आजोबा असायचे. तिच्या दृष्टीने ही भिंत म्हणजे राखण करणारी माणसं उठून गेल्याची खूण आहे. आणि ती मुलगी बहुतेकदा त्याच सोसायटीत राहणारी असते.

सभासदांच्या सभेत विकासकाला कार्पेट किती, भाडं किती, कॉर्पस किती हे नेटाने विचारलं जातं. त्याच यादीत आणखी तीन प्रश्न घालता येतील. रस्त्याच्या बाजूला दारं किती? कुंपण कमरेएवढं ठेवाल का? इस्त्रीवाल्याला सहा बाय सहाची जागा नकाशात दाखवाल का? हे विचारायची वेळ करारनाम्यावर सह्या होण्यापूर्वीची. नकाशा मंजूर झाला की विकासक ‘आता काही बदलता येणार नाही’ म्हणतो, आणि तोवर ते खरंही झालेलं असतं.