राज्य बांधापर्यंत आलं तेव्हा

मंचरजवळच्या अवसरी खुर्दसारख्या गावाने निजामशाही पाहिली, मोगल पाहिले, मराठे पाहिले, इंग्रज पाहिले. साम्राज्यांची तुलना आपण बहुधा लढायांवरून आणि नकाशातल्या रंगांवरून करतो. मला ती गावातून करावीशी वाटते. कोणतं राज्य गावात कुठपर्यंत उतरलं?

मराठ्यांचा विस्तार झाला तो बराचसा चौथाईने. 1719 च्या मोगली सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथ-सरदेशमुखीचा हक्क मिळाला. मुलूख नावाने बादशहाचाच राहिला. घरच्या मुलखात सरकारचं बोलणं पाटील-कुलकर्ण्यांशी. गावाने मिळून किती भरायचं ते ठरे, त्यातलं कोणी किती हे बरंचसं गावकी बघे. या पद्धतीचं कौतुक आपल्याकडे फार होतं. मात्र 1740 च्या दशकातल्या स्वाऱ्यांमुळे बंगालच्या अंगाईगीतांत ‘बर्गी’, म्हणजे मराठे स्वार, अजून आहेत, तेही ध्यानात असू द्यावं.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं आणि 1526 च्या फोराल या सनदेत गावकारांचे रिवाज लिहून मान्य केले. सारा तेवढा आपल्याकडे वळवला. देवळांना हात घातला तो पुढे.

इंग्रजांनी 1818 नंतर वेगळंच केलं. कमिशनर एल्फिन्स्टनला जुनी घडी मोडायची नव्हती, पण बंगालसारखे जमीनदारही इथे नको होते. म्हणून थेट रयतेशी व्यवहार. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताने भारावलेल्या प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सारा बसवला. हिशेब कागदावर देखणा, रानात खोटा. सारा थकला, जमिनी पडीक पडल्या. मग 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून नवी मोजणी धरली. मातीचा रंग आणि खोली पाहून तिची प्रत आण्यांत लावायची, साखळीने मोजून शेताला नंबर द्यायचा, हद्दीवर दगड रोवायचा, सारा तीस वर्षं कायम ठेवायचा. आजचा सातबारा याच मोजणीच्या वंशातला.

साहेबाच्या साखळीने जे साधलं ते आधीच्या कुठल्याही फौजेला साधलं नव्हतं: राज्य एकेका माणसाच्या बांधावर येऊन उभं राहिलं. सारा हलका झाला हे खरं, पण तो आता ज्याच्या-त्याच्या डोक्यावर आला. नावावरची जमीन गहाण पडू लागली, आणि वसुलीसाठी सावकाराच्या हाती कोर्टाचा हुकूमनामा आला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला, त्यात तीस वर्षांची मुदत संपून नव्या आकारणीने सारा वाढला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतं काढून जाळली. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या अंमलदारांबरोबर त्यांच्या हाताखालच्या भटकामगारांनाही धारेवर धरलं, आणि ते योग्यच होतं. बांधापर्यंत आलेल्या त्या राज्याची लेखणी इथल्याच माणसांच्या हातात होती.

1875 च्या त्या दंग्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो आधी लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना.